न लावलेल्या तासांचा हिशेब

इचलकरंजीतल्या आमच्या सीए ऑफिसात मी भागीदार झाले आणि बिलिंग माझ्याकडे आलं. तोवर सर, म्हणजे आमचे वरिष्ठ भागीदार, बिलं आठवणीवर काढायचे, आणि पूर्वी ते चालतही होतं. वर्षातून एकदा ऑडिट, एकदा रिटर्न, ठरलेली फी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कामाची चालच बदलली. बऱ्याच पार्ट्यांचं, म्हणजे अशिलांचं, दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी, मध्ये टू-बीची (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीची) वहीशी जुळवणी, त्यात एखादी एएसएमटी-१०, म्हणजे रिटर्नमधल्या तफावतीची नोटीस, आली की महिनाभरात उत्तर द्यायचं. फी मात्र वर्षाची तीच. त्यात आमची वही रोख पद्धतीची. पैसे आले की उत्पन्न. त्यामुळे काम झालंय पण बिल निघालेलं नाही, असा वेळ कुठल्याच खात्यात दिसत नव्हता.

मी सुरुवात साध्या एक्सेल शीटने केली. तारीख, माणूस, पार्टी, काम, वेळ आणि शेवटी बिल नंबर. वेळ पाव-पाव तासात. आर्टिकल्सना, म्हणजे आमच्याकडे शिकणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्यांना, एकच गोष्ट बजावली: त्याच दिवशी लिहायचं, आणि ‘जीएसटी काम’ असं लिहायचं नाही. ‘ऑगस्टची टू-बी जुळवणी, न दिसणाऱ्या बिलांसाठी सूत व्यापाऱ्यांना फोन’ असं लिहिलं तर तेच वाक्य उद्या बिलावर जातं, आणि पार्टीही वाचून मान डोलावते.

खरा कस लागला तो वेळ कुणाच्या नावावर टाकायचा यात. आमच्या गावात एका घरात चार फायली असतातच. वडिलांची सायझिंगची (सुताला खळ देण्याची) भागीदारी फर्म, मुलाची यंत्रमागाची कंपनी, एक एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) आणि आईचं वैयक्तिक रिटर्न. भेटायला सगळे एकत्र येतात, बोलणंही एकत्रच होतं. मुलाच्या कंपनीला रॅपिअर मागांसाठी कर्ज हवं होतं, तेव्हा बँकेसाठी वडिलांच्या फर्मचे ताळेबंद काढले, आई-वडिलांचं नेटवर्थ (निव्वळ मालमत्तेचं) सर्टिफिकेट दिलं. आर्टिकलने वेळ चार फायलींत वाटून टाकला होता. मी तो सगळा कंपनीवर घेतला. फाइल कुणाची उघडली हा प्रश्नच नाही. काम कुणासाठी झालं हे बघायचं. कर्ज कंपनीचं, तर वेळही कंपनीचा.

याच्या उलटही मी तितकीच ठाम असते. ‘मॅडम, सगळ्यांचं बिल कंपनीच्या नावानेच काढा, क्रेडिट तरी मिळेल,’ असं मालक हमखास म्हणतात, म्हणजे बिलावरचा जीएसटी कंपनीच्या करातून वजा होईल. आईच्या रिटर्नची फी कंपनीच्या धंद्याचा खर्च नाही. त्यावरचं १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट कंपनीला घेता येत नाही आणि आयकरातही तो खर्च बसत नाही. ज्यांच्या वह्या आपणच तपासतो, त्यांच्या वहीत चुकीची नोंद आपल्याच बिलाने घुसवायची, हे मला कदापि मान्य नाही. आईचं बिल लहान असेल, पण ते आईच्याच नावाने निघतं.

काही वेळ मात्र कुणावरच टाकायचा नसतो. नवं परिपत्रक आलं आणि आम्ही ते बसून वाचलं, किंवा नव्या आर्टिकलला जुळवणी शिकवताना दुप्पट वेळ गेला, तर तो ऑफिसचा. तो ताशी दर ठरवताना धरायचा. ज्या पार्टीची फाइल त्या दिवशी टेबलावर होती तिच्या माथी मारायचा नाही.

बिल निघालं की त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे बिल नंबर पडतो, म्हणजे तोच तास दोनदा लागत नाही. ज्या ओळीपुढे नंबर नाही, तिच्यावर महिनाअखेर निर्णय घ्यायचा: लावायचा, थांबवायचा की सोडायचा. थांबवण्यालाही मुदत आहे. सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल काढावं लागतं, हा नियम आम्ही पार्ट्यांना सांगतो, तो आपल्यालाही लागू आहे. सर्टिफिकेटं निसटू नयेत म्हणून यूडीआयएनची, म्हणजे सीएने दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटच्या स्वतंत्र ओळख क्रमांकांची, यादी काढून बिलांशी ताडते. २०१९ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक सर्टिफिकेटला तो नंबर घ्यावाच लागतो, त्यामुळे बिल न झालेलं सर्टिफिकेट लगेच सापडतं. पार्टीच्या वतीने भरलेली एमसीएची (कंपनी व्यवहार मंत्रालयाची) फी बिलात वेगळी, जशी भरली तशी, पावतीसह दाखवायची. त्यावर आपला जीएसटी लावायचा नाही.

पार्ट्यांशी बोलणं मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. एका मालकांनी विचारलं, ‘नोटिसीत मागितलेला कर तुम्ही वाचवलात, मग त्यातले टक्के का घेत नाही?’ काही मोजके अपवाद सोडले तर सीएला निकालावर टक्केवारीने फी घेता येत नाही, ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. मी त्यांना शीट दाखवलं. उत्तर तयार करायला कुणी किती तास घातले, कुठली बिलं शोधली, सगळं ओळीने. त्यांनी घासाघीस केली नाही.

सरांचा आग्रह एवढाच होता की जुन्या पार्टीला तास मोजून बिल देऊ नये. त्यांचं म्हणणं मला पटत होतं. ज्या माणसांनी ऑफिस उभं राहताना काम दिलं त्यांच्याशी नातं वेगळं असतं. पण तास खोडायला मी तयार नव्हते. शेवटी आम्ही असं ठरवलं की बिलावर पूर्ण काम आणि पूर्ण रक्कम लिहायची, खाली सवलत वेगळ्या ओळीत दाखवायची, आणि जीएसटी सवलतीनंतरच्या रकमेवर लावायचा. सवलत किती ते सर ठरवतात. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं पत्र देताना ठरलेल्या फीत काय येतं ते आता आम्ही लिहून देतो, आणि नोटिशीचं काम वेगळं, तासावर, हेही त्यातच असतं.