उसाच्या फडातल्या बाईचा दवाखाना कुठला?

सरकारी आरोग्य यंत्रणा गावानं आणि घरानं मोजते. आशाताईच्या वहीत तिच्या गावातली घरं असतात, कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुणाचं बाळ नऊ महिन्याचं झालं, कुणाचा गोवरचा डोस राहिलाय, सगळं घरावर. आणि ऊसतोडीला आलेल्या बाईला इथं घरच नाही, कोपी आहे, म्हणजे हंगामापुरती उभी केलेली झोपडी. तिकडं बीडकडं तिच्या गावच्या वहीत ती बाहेरगावी गेलेली, आणि इकडं आमच्या करवीर, शिरोळ, हातकणंगल्यात ती कुणाच्याच वहीत नाही. पाचसहा महिने ती दोन्हीकडनं गायब! कोल्हापूरची साखर जिच्या कोयत्यावर उभी आहे तिची ही गत, आणि आपल्याला याचं काही वाटत नाही हे मला खरंच सहन होत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही काही जणी मिळून हे काम करतो, त्यात दोन रिटायर झालेल्या सिस्टर आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, कॉलेजच्या मुली येतात. दिवाळीच्या आगंमागं टोळ्या उतरल्या की कोप्यांवर जायचं आणि यादी करायची एवढंच सुरुवातीला. यादी म्हणजे काय हो, असं लोक विचारतात. पण यादीत नाव आलं की मग त्या बाईचं कार्ड, तिच्या लोहाच्या गोळ्या, बाळाचा डोस हे सगळं मागता येतं, नाव नसेल तर मागणार कुणासाठी. लस तर देशात कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, त्याला गाव लागत नाही, तरी "तुमचं गाव कुठलं, तिकडंच घ्या" हे वाक्य आम्ही कितीदा ऐकलंय.

खरी अडचण वेळेची आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांच्या नावावर घेतलेली असते. दिवस उजाडायच्या आधी फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढवायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायच्या. आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटायची खात्रीची वेळ सकाळची, तेव्हा ही बाई फडात. जायचं म्हटलं तर खाडा, आणि खाडा म्हणजे हिशोबात पैसे कापले जाणार, बऱ्याचदा तिच्याबरोबर नवऱ्याचाही दिवस मोडतो. १५ ऑगस्ट २०२३ पासनं राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत, चांगलंच झालं ते. पण जिला तिथवर जायलाच एक दिवसाची मजुरी घालवायला लागते तिला ते मोफत नाही पडत.

मागच्या हंगामात एक पोरगी भेटली, सातवा महिना लागलेला, आणि मोळ्या उचलत होती. सिस्टरनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि गप्पच झाल्या, एवढी पांढरी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्या आत, गरोदरपणात अकराच्या खाली गेलं की रक्त कमी धरतात आणि सातच्या खाली म्हणजे धोकाच. टोळीचा मुकादम म्हणाला उसाची गाडी भरू दे मग न्या, सिस्टर म्हणाल्या दादा आत्ता न्यायची, आणि त्यांच्या आवाजात काय होतं माहीत नाही पण तो बाजूला झाला. १०२ ला, म्हणजे गरोदर बायकांच्या सरकारी ॲम्ब्युलन्सला, फोन केला, गाडी आली. एका सरकारी रुग्णालयात पोचलो तर आधी रेशनकार्ड मागितलं. रेशनकार्ड गावाकडं पेटीत! आता हे सगळ्यांना माहीत पाहिजे, की फुले जनआरोग्य योजनेला रेशनकार्ड मागतात, पण गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध, रक्त, बाळंतपण, जेवण आणि गाडी हे २०११ पासनं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे आणि त्याला रेशनकार्डाचा रंग बघायचा नसतो. हे सांगितल्यावर मग चिठ्ठी आली, इंजेक्शन बाहेरनं आणा म्हणून. आम्ही म्हटलं, आणतो, फक्त औषध शिल्लक नाही एवढं लिहून सही करून द्या. थोड्या वेळानं औषध आतूनच मिळालं. ही लिहून द्या म्हणायची सवय आमच्या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे, त्याला भांडण लागत नाही, आवाज चढवायला लागत नाही.

ती पोरगी रात्री सिस्टरना म्हणाली, "ताई, खाडा कोण भरणार?" रक्ताची बाटली लावलेली होती तिला तेव्हा.

पिशवी काढायचा विषय पण इथंच जोडलेला आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनवर २०१९ मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा पेपरात, टीव्हीवर बीडचं नाव खूप गाजलं. पण मला सांगा, पाळीच्या दिवसात मोळी उचलायला लागते ती कुठं? संडास नाही, आडोसा नाही, कपडा धुवायला पाणी नाही, त्यातनं अंगावरनं पांढरं जातं, ओटीपोट दुखतं आणि बाई सहा महिने ते अंगावर काढते, ते कुठं? आपल्या फडात. ऑपरेशन तिकडं होतं, आजार इथनं जातो. वेळेत साधी तपासणी आणि गोळ्या इथंच मिळाल्या तर कितीतरी जणी त्या टेबलापर्यंत जायच्याच नाहीत असं आमच्या सिस्टरांचं ठाम मत आहे आणि मला ते पटतं.

महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे दवाखान्यांवर लोकांनीच लक्ष ठेवायचं काम २००७ ला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झालं, नंतर आपल्या कोल्हापुरात पण आलं. जनसुनवाईची पद्धत मला फार आवडते, साहेब समोर बसलेत आणि बाई माईकवर सांगतेय की आमच्या उपकेंद्राला कुलूप असतं, आणि त्याचं उत्तर तिथंच सगळ्यांसमोर द्यायला लागतं. पण बैठक दुपारी, तालुक्याच्या गावात. फडातली बाई त्यात कशी येणार? म्हणून आमचं म्हणणं आहे की सुनवाई कोप्यांवर घ्या, रात्री आठला, चुली विझल्यावर, आणि कारखान्याच्या माणसाला पण बसवा तिथं.

मागण्या काही आभाळातल्या नाहीत. आठवड्यातनं एक संध्याकाळ कोप्यांच्या तळावर डॉक्टर आणि सिस्टर पाहिजेत. पाणी आणि बायकांसाठी फिरते संडास पाहिजेत. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते त्या दिवशी तळावरनं गाडी पाहिजे आणि त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. पैशाचं म्हणाल तर ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला १० रुपये कारखान्यानं आणि तेवढेच सरकारनं द्यायचं ठरलेलं आहे, त्यातला आरोग्याचा खर्च जिथं तोड चालते तिथं झाला पाहिजे. माझ्या माहेरचा पण ऊसच आहे, त्यामुळं शेतकऱ्याचे हाल मला माहीत आहेत, त्याच्या बिलातनं कापा असं मी म्हणणार नाही.

यंदा आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हे सगळं लेखी दिलंय, पोच घेतलीय, आता हंगाम सुरू व्हायच्या आधी पुन्हा जायचंय. तुमच्या रानात किंवा गावाजवळ टोळी उतरली तर त्याच दिवशी आशाताईला सांगा कुठं कोप्या पडल्यात, गरोदर बाया आणि बारकी पोरं किती आहेत ते, आणि बायांना म्हणा गावाकडनं रेशनकार्डाचा आणि माता-बाल कार्डाचा फोटो मोबाईलवर मागवून ठेवा. रात्रीअपरात्री काही झालं तर १०८.