विल्सनची भिरभिरी: शेताचा नाद सोडा, थेट पार्कात जा

व्हॉलिस सिम्पसनने भंगारातून घडवलेली, वाऱ्यावर फिरणारी अवाढव्य भिरभिरी बघायला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्सनला जाणार असाल, तर जवळच्या लुकामातल्या त्याच्या शेताकडे सायकल वळवू नका, थेट विल्सनच्या भिरभिरी-पार्कात जा. "पार्क म्हणजे नुसता देखावा, खरी मजा म्हाताऱ्याच्या शेतावर" असं मला छातीठोकपणे सांगणारे आमच्या कॅरी गावात बरेच भेटले. त्यातलं कुणी इतक्यात तिकडे फिरकलं असेल असं वाटत नाही.

कॅरीहून विल्सन गाडीने तासाभरावर. रस्ता सरळ, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गाडी गावात लावली, सायकली उतरवल्या आणि विगिन्स मिल रोड धरला. गाव संपेपर्यंत ठीक. पुढे दोन पदरी रस्ता, पांढऱ्या पट्टीबाहेर हातभर गवत आणि लगेच चर. मागून येणारे पिकअप ट्रक इतक्या जवळून जातात की हँडल आपोआप हलतं. त्यात समोरून वारा. हा सगळा किनारपट्टीचा सपाट मुलूख, तंबाखू, सोयाबीन आणि रताळ्यांची शेतं. वारा अडवायला काही नाही. चढ नाहीत म्हणून खूश होऊ नका. चढाला माथा तरी असतो. वाटेत ना सावली, ना पाण्याला दुकान, आणि एका वळणावर मोकळी कुत्री. दोन बाटल्या पाणी मला पुरलं नाही. मागचा लाल दिवा नसेल तर हा रस्ता धरूच नका. असला तरी धरू नका.

एवढं करून तिथे पोचल्यावर काय? एकेकाळी तळ्याकाठी इथे भिरभिऱ्यांचं रान उभं होतं. रात्री गाडीच्या दिव्यांत ते झगमगायचं, पोरं मुद्दाम बघायला यायची. पण मोठी भिरभिरी २०१० नंतर दुरुस्तीसाठी विल्सनला हलवली गेली. जमीन खाजगी आहे. रस्त्यावरून बघायचं, घाम पुसायचा, परत फिरायचं.

परतताना वारा पाठीशी होता, आणि त्याच वाऱ्याने पार्कात कमाल केली. जुन्या तंबाखू वखारींच्या भागात दोन एकरांवर तीस भिरभिरी, काही चार-पाच मजल्यांएवढी उंच, आणि सगळी एकाच वेळी गरगरतायत! विमानं, खेचरांची गाडी, गिटारवाला. सायकलवरून उतरल्यावर पाय थरथरत होते, तरी मी तिथून हलायला तयार नव्हतो. जत्रेतलं कागदी भिरभिरं कुणी तीन टन लोखंडात घडवावं, तसा प्रकार. जवळ जाऊन बघा: पंख्यांची पाती, सायकलींचे भाग, कापडगिरणीतले रूळ, मिल्कशेकच्या यंत्राचे तुकडे, बॉल बेअरिंगं. अंगभर चिकटवलेले चमकते तुकडे म्हणजे रस्त्यावरच्या वाहतुकीच्या कापलेल्या पाट्या.

सिम्पसन १९१९चा, लुकामाचाच. कलाशाळेचं तोंड बघितलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सायपान बेटावर असताना त्याने मोडक्या बी-२९ विमानाच्या भागांतून पवनचक्की करून तिच्यावर कपडे धुण्याचं यंत्र चालवलं. नंतर आयुष्यभर यंत्रदुरुस्ती आणि घरंच्या घरं उचलून हलवण्याचा धंदा. शिल्पं सुरू केली ती पासष्टीच्या आसपास, निवृत्तीनंतर. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी त्याची चार भिरभिरी तिथे लागली. बाल्टिमोरच्या अमेरिकन व्हिजनरी आर्ट म्युझियमसमोर ५५ फुटी उभं आहे. मे २०१३मध्ये तो ९४व्या वर्षी गेला, त्याच वर्षी राज्याने भिरभिऱ्यांना अधिकृत लोककला ठरवलं. पार्क उघडलं नोव्हेंबर २०१७मध्ये. ते बघायला तो नव्हता, याचं मला तिथे उभं असताना फार वाईट वाटलं. दुरुस्ती मात्र त्याच्या हयातीत सुरू झाली होती.

पार्क फुकट आहे. हवामान बघून जा. पावसापेक्षा वारा बघा. ऑगस्टच्या कोंदट, पान न हलणाऱ्या दुपारी नुसते रंगीत खांब बघाल आणि मला शिव्या घालाल. मार्च-एप्रिल उत्तम. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे भिरभिरी महोत्सव असतो. गर्दी आवडत नसेल तर ती तारीख टाळा. अंधार पडेपर्यंत थांबाच, रात्री दिवे सोडले की पाट्यांचे तुकडे पेटतात. दिवसा बघून परत येणं म्हणजे अर्धंच बघणं.

खायला इकडचं प्रसिद्ध ते व्हिनेगर घातलेलं डुकराचं बार्बेक्यू. शाकाहारी असाल तर कोबीच्या कोशिंबिरीवर भागवावं लागेल, तेव्हा पोळी-भाजी बांधून न्या. आणि सायकल चालवायचीच असेल तर ती घराजवळ चालवा, विल्सनला गाडीनेच जा.