पोर-मार्लीचा पूर

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एका पुराचे चित्र लावलेले आहे आणि घरी येणारे बहुतेक जण त्याला तळे समजतात.

त्यात त्यांची चूक नाही. आल्फ्रेड सिसली या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे बदलत्या प्रकाशाचा क्षण टिपणाऱ्या) चित्रकाराने १८७६ साली रंगवलेल्या या पुरात ना फेसाळ लोंढा आहे, ना आकांत. पॅरिसच्या पश्चिमेला, सीन नदीच्या काठी वसलेल्या पोर-मार्ली गावातला रस्ता पाण्याखाली गेला आहे, डावीकडे मद्यविक्रेत्याचे पिवळसर घर त्या पाण्यात निमूट उभे आहे, त्याच्या पायाशी होडी लागली आहे, आणि उरलेली जागा ढगाळ आकाशाने व त्याच्या प्रतिबिंबाने व्यापली आहे. दुकानावर सेंट निकोलसचे नाव आहे. हा संत नावाड्यांचा पाठीराखा मानला जातो, त्यामुळे त्याच्याच नावाच्या दुकानाला होडी लागलेली पाहून मला दर वेळी किंचित हसू येते.

सिसली तेव्हा शेजारच्याच मार्ली-ल-र्‍वा गावात राहत होता. पूर बघायला जाण्याची हौस आपल्याकडेही आहेच. पण एकदा बघून त्याचे समाधान झाले नाही आणि या एकाच पुराची त्याने अनेक चित्रे केली. घराच्या भिंतीवर त्याचा कुंचला सावकाश, सलग फिरतो. पाण्यावर मात्र तो आडवे, तुटक फटकारे मारतो, आणि त्या फटकाऱ्यांच्या फटींतून भिंतीचा पिवळा व ढगांचा करडा रंग एकमेकांत मिसळतात. ही शांतता कोरडी आहे, असा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. पाणी चढताना जो गलका असतो तो पाणी स्थिरावल्यावर राहत नाही. मग दिवसभर नुसते बघत बसावे लागते, आणि सिसलीने नेमके ते बघत बसणे रंगवले आहे.

वडिलांचा व्यापार १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात बुडाल्यापासून त्याची पैशांची ओढाताण कधी संपली नाही. जानेवारी १८९९ मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी हे चित्र लिलावात ४३,००० फ्रँकला विकले गेले. आज मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

हा पूर आहे, असे मी पाहुण्यांना आता आपणहून सांगत नाही. चहा संपता संपता कोणीतरी विचारतेच, ‘या घरात माणसे शिरतात कुठून?’