चिठ्ठ्यांतून निघालेले पक्ष

अमेरिकेतले राजकीय पक्ष आले कुठून, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फिलाडेल्फियात आमच्याकडे आलेले पाहुणे इंडिपेन्डन्स हॉल बघून बाहेर पडले की हमखास विचारतात, "घटना इथे लिहिली, पण तिच्यात पक्षांचा उल्लेखही नाही म्हणे. मग हे पक्ष आले कुठून?" मी त्यांना पाच मिनिटांवरच्या थर्ड स्ट्रीटला नेते. तिथे उंच खांबांची एक जुनी इमारत आहे. 'फर्स्ट बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स', घटनेनंतरच्या नव्या सरकारने काढलेली पहिली राष्ट्रीय बँक.

मूळ भांडण पैशाचं. स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांच्या हाती रोख पगाराऐवजी 'पैसे नंतर देऊ' अशा सरकारी चिठ्ठ्या पडल्या होत्या. घर चालवायला कितीतरी जणांनी त्या मातीमोलाने विकल्या. १७९० साली अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाला, चिठ्ठी आज ज्याच्याकडे, पैसे त्याला, तेही पूर्ण. काँग्रेसमधल्या मॅडिसनला हे पटेना. ज्याने गोळ्या झेलल्या त्याला काहीच नाही? मूळ सैनिकालाही वाटा द्यावा, हा त्याचा प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ मतांनी पडला. दोन वर्षांपूर्वी याच दोघांनी घटनेच्या बाजूने खांद्याला खांदा लावून लेख लिहिले होते! सरकारच्या कागदाला पत यायची तर हॅमिल्टनचाच रस्ता बरोबर होता, असं मला वाटतं. पण त्या सैनिकाच्या घरात बसून मी हे म्हटलं नसतं.

पुढच्या वर्षी हॅमिल्टनची राष्ट्रीय बँक आली. परराष्ट्रमंत्री जेफरसनचं म्हणणं, बँक काढायचा अधिकार घटनेने दिलाच कुठे? राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने तरीही सही केली.

आता गंमत बघा. "पक्षाबरोबरच जायचं असेल तर मी स्वर्गातही जाणार नाही," असं १७८९ मध्ये लिहिणाऱ्या जेफरसनने फ्रेनो नावाच्या कवीला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर अनुवादक नेमलं, आणि त्या कवीने 'नॅशनल गॅझेट' हे वर्तमानपत्र काढून सरकारवरच तोफा डागल्या. हॅमिल्टनही काही कमी नव्हता. त्याची बाजू घेणाऱ्या फेनोच्या वर्तमानपत्राला अर्थखात्याचं छपाईचं काम मिळायचं. १७९२ मध्ये वॉशिंग्टनने जेफरसन आणि हॅमिल्टन दोघांनाही समजुतीची पत्रं लिहिली. पालथ्या घड्यावर पाणी. एका बाजूला हॅमिल्टनचे फेडरलिस्ट, दुसऱ्या बाजूला जेफरसन-मॅडिसनचे रिपब्लिकन, अशी दुफळी पडलीच.

"म्हणजे आजचे रिपब्लिकन जेफरसनचे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तर नाही. त्याच्या रिपब्लिकनांचा वारसा डेमोक्रॅट सांगतात, आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा. हे ऐकून पाहुणे चक्रावतात, आणि जेवायला कुठे जायचं ते विचारतात.