आमची वाटचाल : प्रायव्हेट की सर्व्हरबाहेर जाऊ द्यायची नाही

नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखानदार आणि पिंपळगाव-निफाडकडचे द्राक्ष निर्यातदार हे आमचं सुरुवातीपासूनचं गिऱ्हाईक. त्यांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. जुलै २०१८ मध्ये क्रोमने साध्या एचटीटीपी साइटवर 'नॉट सिक्युअर' दाखवायला सुरुवात केली आणि एसएसएलसाठी, म्हणजे साइटची ओळख पटवून जोडणी सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटसाठी, फोन वाढले.

तेव्हा सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडे पाठवायची रिक्वेस्ट, म्हणजे सीएसआर, हाताने बनायची. वेळ जायचा, पण आम्हाला खरी चिंता होती ती वेगळीच. एका नव्या गिऱ्हाइकाची प्रायव्हेट की, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, आधीच्या व्हेंडरने चक्क ईमेलने पाठवलेली सापडली. की ज्याच्या हाती, तो त्या साइटचं सोंग घेऊ शकतो! त्यामुळे ऑटोमेशनला हात घालतानाच ठरवलं: की जिथे लागणार त्याच सर्व्हरवर जन्मेल, बाहेर फक्त सीएसआर जाईल.

आमची स्क्रिप्ट छोटीच आहे. डोमेनची यादी वाचते, ओपनएसएसएल या साधनाकडून प्रत्येक वेळी नवी की बनवून घेते आणि ती फक्त रूटलाच, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यालाच, वाचता येईल अशी ठेवते. कंपनीचं नाव नोंदणीत आहे तसंच, अक्षरन् अक्षर, एका फाइलमधून येतं. साइटची सगळी नावं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट, 'सॅन'मध्ये, म्हणजे सर्टिफिकेटमधल्या नावांच्या यादीत, जातात, कारण २०१७ पासून क्रोम कॉमन नेम या जुन्या एका नावाच्या रकान्याकडे बघतच नाही. सर्टिफिकेट आलं की त्याची पब्लिक की, म्हणजे गुप्त कीची उघड जोडी, आपल्या कीशी जुळवायची, जुळली तरच एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड. ही शेवटची पायरी कुणीही गाळू नये, असं आमचं ठाम मत आहे.

ज्यांना डोमेनपुरती खात्री चालते त्यांना आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडे नेलं, तिथे सगळंच आपोआप होतं. कंपनीच्या नावाचं ओव्ही सर्टिफिकेट हवं असलेल्यांचं काम मात्र या स्क्रिप्टवरच चालतं.

आता तर तिची गरज आणखी वाढली आहे. एप्रिल २०२५ मध्ये सीए/ब्राउझर फोरमने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंडळाने, सर्टिफिकेटची मुदत कमी करायचं ठरवलं. ३९८ दिवसांची मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० वर, २०२७ च्या मार्चपासून १०० वर आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ वर. मार्च म्हणजे आमच्या निर्यातदारांचा ऐन कंटेनर भरायचा हंगाम. त्या दिवसांत पोर्टल बंद पडून कसं चालेल?

राहिलेत ते कारखान्यांचे विंडोज सर्व्हर. तिथे ओपनएसएसएल न घालता विंडोजच्याच सर्टरेक या साधनाने सीएसआर बनवतो, आणि की एक्स्पोर्ट करण्याची मुभा बंद ठेवतो. अंबडकडचे सर्व्हर झाले, सातपूरचे सुरू आहेत.