ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘दोन शब्द’ लिहून पाठवा, असा निरोप आला. शब्दांची गोडी याच शाळेनं लावली, तेव्हा शब्दांबद्दलच लिहितो. तेही जुन्या इंग्रजी शब्दांबद्दल. आज इथे शिकणाऱ्या मुलांना ते धड्यांत, खरेदीखतात आणि पासपोर्टातही भेटणार आहेत.

अगदी अनोळखी शब्द सहसा दगा देत नाही. ‘ओव्हरमॉरो’ दिसला की आपण थांबतो आणि शब्दकोश उघडतो. अर्थ सापडतो: परवा, उद्यानंतरचा. कव्हरडेलनं इंग्रजीत आणलेल्या १५३५ च्या बायबलात हा शब्द आहे. पुढे इंग्रजीनं तो टाकून दिला आणि आता तेवढ्यासाठी अख्खा शब्दसमूह वापरावा लागतो. मला याची खरंच हळहळ वाटते.

घात करतो तो ओळखीच्या चेहऱ्याचा शब्द, कारण तिथे कोश उघडावा असं मनातही येत नाही.

घरातला पासपोर्ट काढून पाहा. राष्ट्रपतींच्या नावानं छापलेल्या विनंतीत ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ असे शब्द आहेत. हा ‘लेट’ म्हणजे उशीर नव्हे आणि ‘करू देणं’ही नव्हे. इथे त्याचा अर्थ आहे अडथळा. प्राचीन इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक ‘जाऊ देणे’ या अर्थाचं आणि दुसरं ‘अडवणे’ या अर्थाचं. उच्चार झिजत गेले आणि दोन्ही एकाच रूपाला आली. एकाच तोंडून ‘जा’ आणि ‘थांब’ ऐकू आलं तर कुणाचंच भागत नाही, म्हणून अडवणारा ‘लेट’ बोलण्यातून गेला. ठरीव वाक्प्रचारात मात्र तो टिकून राहिला. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेट पित्याच्या भुतामागे निघतो आणि मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो बजावतो, जो मला ‘लेट’ करील त्याचंच भूत करीन. तिथे ‘जाऊ देईल’ असा अर्थ घेतला, तर सोडणाऱ्यालाच धमकी दिल्यासारखं होतं आणि प्रसंग उलटा होतो.

हरणाच्या ‘डिअर’चं आणखी गमतीचं. मुळात हा शब्द कुठल्याही जनावरासाठी होता; जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘टीअर’ आजही त्याच अर्थाचा आहे. शेक्सपिअरच्याच ‘किंग लिअर’मध्ये उंदीर-घुशींना ‘स्मॉल डिअर’ म्हटलंय. मराठी मुलाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपला ‘मृग’ याच वाटेनं आला. तोही आधी कोणताही वन्य पशू होता. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. मग दोन्हीकडे तो आकसून हरणापुरता उरला. मांसाचा ‘मीट’ही असाच. पूर्वी त्याचा अर्थ नुसतं अन्न एवढाच होता, म्हणून ‘स्वीटमीट’ म्हणजे मिठाई. तिच्यात मांस शोधू नये.

मग जुना उतारा वाचायचा कसा? आधी तो कोणत्या काळातला ते पाहा. मग शब्द वाक्यात नाम म्हणून आलाय की क्रियापद म्हणून, ते ठरवा. त्यानंतर कोश. इथे एक खड्डा आहे: विद्यार्थ्यांच्या बहुतेक कोशांत सर्वांत रूढ अर्थ आधी देतात, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात सर्वांत जुना. त्यामुळे ‘पहिला अर्थ उचलला’ ही सवय एकीकडे जुन्या उताऱ्यात चुकवते, दुसरीकडे नव्या. शेवटी सापडलेला अर्थ वाक्यात परत बसवून पाहा. शेक्सपिअरच्या ज्युलिएटचं ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ घ्या. ‘रोमिओ, तू कुठे आहेस?’ असा अर्थ लावला, तर पुढचं ‘नाव टाकून दे’ हे बोलणं अधांतरी राहतं. ‘तू रोमिओच का?’ म्हटलं की सगळं जुळतं.

इंग्लंडातल्या दुकानांच्या पाट्यांवरचं ‘यी ओल्ड’ हे तर चुकीचं वाचनच. तिथे ‘यी’ नव्हे, ‘द’ म्हणायचं. ‘थ’-‘द’साठी इंग्रजीत थॉर्न नावाचं एक अक्षर होतं. १४७६ मध्ये कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पण युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत, म्हणजे अक्षरांच्या ठशांत, थॉर्न नव्हतं. हस्ताक्षरात ते ‘वाय’सारखं दिसू लागलं होतंच, म्हणून छापताना ‘वाय’चाच खिळा लावत.

आता खरेदीखत. मुंबईकडच्या इंग्रजी दस्तांत ‘धिस इंडेंचर… विटनेसेथ’ अशी सुरुवात अजून दिसते. ‘इंडेंचर’ म्हणजे दस्त. ‘विटनेसेथ’ हे जुनं तृतीयपुरुषी क्रियापद आहे. त्याचं भाषांतर ‘साक्षीदार’ करू नये. कर्ता दस्त स्वतः, म्हणजे ‘हा दस्त साक्ष देतो की’. आणि ‘इंडेंचर’मध्ये दात आहेत, लॅटिन ‘डेन्स’, आपल्या ‘दंता’चाच सगोत्र. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहीत आणि मधून करवतीसारखी नागमोडी रेघ कापत. दोन्ही पक्षांकडे एकेक तुकडा. तंटा झाला की तुकडे शेजारी ठेवायचे. दाते जुळले तर दस्त खरा. १८४५ च्या इंग्लिश कायद्यानं दाते कापण्याची गरज संपवली.