आमची वाटचाल : खारीच्या शहरात क्रोसाँ

"हे खारीसारखंच ना?" नाशिकमध्ये क्रोसाँचं, म्हणजे लोण्याच्या थरांच्या फ्रेंच पावाचं, दुकान उघडलं तेव्हा हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकायचो. प्रश्न रास्तच होता. खारीतही थर, क्रोसाँतही थर. पण क्रोसाँच्या पिठात यीस्ट असतं, म्हणून तो वरून कुरकुरीत आणि आतून मऊ, जाळीदार होतो. तोंडाने सांगून हे कुणाला पटेना. मग आम्ही गरम तुकडा कापून हातावर ठेवायला लागलो.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, घराखालच्याच गाळ्यात आम्ही दोघांनी हे सुरू केलं. एक ओव्हन, एक ओटा, बाहेर चार खुर्च्या. नाव, पाटी, पेट्या या गोष्टी सावकाश जमल्या. लोण्याने मात्र खरी परीक्षा घेतली. फ्रान्समध्ये बिनमिठाच्या लोण्यात किमान 82 टक्के स्निग्धांश लागतो. पाणी जास्त असलं की लाटताना थर एकमेकांना चिकटतात. आधी आम्ही नेहमीचं खारं, पिवळं बटर वापरून पाहिलं, नाही जमलं. लोण्याची लादी पिठात गुंडाळून तीनदा तिपदरी घडी घातली की लोण्याचे 27 थर होतात. दर घडीनंतर पीठ फ्रीजमध्ये विसावलं पाहिजे.

जानेवारीत नाशिकची थंडी अर्धं काम करून देते. मे महिन्यात मात्र पारा चाळिशीला टेकतो. पहिल्याच उन्हाळ्यात एका रात्री चार तास लाइट गेली. पहाटे फ्रीज उघडला तर लोणी पिठात मुरलेलं, ट्रेमध्ये पिवळं तळं साचलेलं. सगळं टाकून द्यावं लागलं. दाराशी "आज क्रोसाँ नाही" अशी पाटी लावताना हिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच महिन्यात कर्ज काढून जनरेटर घेतला आणि लाटण्याचं काम पहाटे तीनवर नेलं.

बागेटवर, म्हणजे लांब काठीसारख्या फ्रेंच पावावर, आमचा फार जीव. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बस्स. पारंपरिक पावात वरून काही मिसळायचं नाही, असा नियमच फ्रान्सने 1993 मध्ये केला आणि 2022 मध्ये बागेट करण्याची कला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आम्हीही त्या चार जिनसांपलीकडे जात नाही. म्हणून तो दुसऱ्या दिवशी कडक होतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. शेजारचं एक कुटुंब दर रविवारी दोन बागेट नेतं, मिसळीबरोबर खायला. जाड कवच तर्री छान धरतं, असं त्या काकू म्हणतात. आम्ही खाऊन पाहिलं, अगदी खरं आहे.

गोदापार्कवर फिरून रोज पावणेसातला येणारे एक आजोबा क्रोसाँ चहात बुडवून खातात. फ्रान्समध्येही सकाळच्या कॉफीत तो असाच बुडवतात, हे सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. आजींसाठी एक बांधून नेतात. परवा रांगेत पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने पिशवीचं तोंड घट्ट दुमडलं, तर आम्ही काही बोलायच्या आत आजोबाच तिला म्हणाले, "उघडी ठेव गं बाळा, वाफ धरली की मऊ पडतो."